समुद्राच्या दगडाला भंडारा

डोळे मिटा असं सांगितलं तर तुम्हाला पुढचं वाचता येणार नाही. तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि फक्त मनानं माझ्याबरोबर या.

तुमच्या घरापासून तीन किलोमीटरवरची एखादी ओळखीची जागा आठवा. मामाचं शेत असेल, शाळा असेल, नाहीतर आठवड्याचा बाजार. तिथवर जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा. त्यावरच्या बाभळी, गतिरोधक, वळणावरची टपरी, सगळं येऊ द्या. आता तो अख्खा रस्ता उचला आणि एखाद्या विहिरीत दोर सोडावा तसा समुद्रात सरळ उभा सोडा. त्याचं दुसरं टोक जिथं टेकेल, तिथं आपल्याला जायचं आहे.

थोडं खाली गेलो की उजेड संपतो. दिवसाढवळ्या मिट्ट काळोख. पाणी फ्रिजमधल्या बाटलीसारखं गार. वरच्या पाण्याचं ओझं इतकं, की तुमच्या अंगठ्याच्या नखावर सिमेंटची सहा पोती रचल्यासारखं वाटेल. आणि अशा जागी, तळाच्या भेगेतून, काळाकुट्ट धूर बाहेर पडतो आहे. खरं तर तो धूर नाही. जमिनीच्या पोटातून तापून आलेलं पाणी आहे ते, चुलीवरच्या उकळत्या पाण्याच्या तिप्पट गरम. वरच्या ओझ्यामुळे त्याला उकळताच येत नाही. त्यात लोखंड, तांबं, गंधक विरघळलेलं असतं. गार पाण्याला भेटलं की ते सगळं थिजतं आणि थरावर थर बसून त्याचं एक उंच धुराडं तयार होतं. गुऱ्हाळाचं असतं ना, तसंच.

अशा एका धुराड्याचा तुकडा एका शनिवारी संध्याकाळी शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याला आला. त्याला आणलं होतं रश्मीनं.

रश्मी ही कोंडिबा आबांची धाकटी मुलगी. आबांची अर्धी हयात मेंढरांमागे गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं, उन्हाळा सरताना परत यायचं. पुढे थोडी जमीन पाण्याखाली आली, ऊस उभा राहिला आणि मेंढरं गेली. आता दारात एक शेळी तेवढी होती. त्याच आबांची मुलगी गोव्यात राहून समुद्रतळाच्या दगडांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करत होती. गावात कुणी विचारलं की आबा सांगत, ती दर्यात मेंढरं राखती, पर तिची मेंढरं डोळ्याला दिसत न्हाईत.

रश्मीची भाची म्हाळसा. सहावीत होती. नाव आबांनी ठेवलेलं, शाळेत त्यावरून थोडी चिडवाचिडवी व्हायची, पण म्हाळसाला त्याची सवय झाली होती. आत्या आली की ती आत्याच्या मागे सावलीसारखी फिरायची.

त्या संध्याकाळी दोघी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळापर्यंत फिरून आल्या. आत्यानं तिला आत डोकावायला सांगितलं. हे चुलाण विझून किती वर्षं झाली, आणि आता इथं कोण राहतं, असं विचारलं. म्हाळसानं नीट पाहून सांगितलं की मांजर व्यालंय, भिंतीत गांधीलमाश्यांचं घर आहे, विटांखाली विंचू असणार आणि धुराड्यात पारवे आहेत. मग आत्यानं आपलं काम सांगितलं. समुद्रातलं पेटतं धुराडं शास्त्रज्ञांनी पाहिलंय, तिथं गरम पाण्यावर जगणारे सूक्ष्मजीव आहेत, हेही ठाऊक आहे. पण धुराडं विझून गार झाल्यावर त्या दगडाच्या आत कोण राहतं? ऊन नाही, ऊब नाही. मग काय दगडातलं लोखंड आणि गंधक चाटून जगतात की काय? तेच तिला शोधायचं होतं. दोन वर्षं ती या दगडाची वाट पाहत होती. जहाजावरून यंत्राचा हात खाली सोडून तो उचलला होता. विझलेल्या धुराड्याच्या आतल्या बाजूचा असा तिच्या वाट्याला आलेला हा एकच तुकडा. नारळाएवढा.

दगड बर्फाच्या पेटीत होता. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी, अशा पाच पिशव्या आणि वर पांढरं कापड. सोमवारी सकाळी तो पुण्याच्या प्रयोगशाळेत कापायचा होता. शनिवार-रविवार तिथं सुट्टी, म्हणून रश्मी तो घेऊन घरी आली. तिनं म्हाळसाला बजावलं, की पेटी उघडायची ती फक्त बर्फ घालायला, पिशव्यांना हात लावायचा नाही. आपल्या बोटांवर, श्वासात, अंगावर लाखो सूक्ष्मजीव असतात. ते दगडात शिरले तर समुद्रातले कोणते आणि मांडवगणचे कोणते, हे कसं कळणार?

रविवारी सकाळी रश्मीला दौंडला जायचं होतं. तिचा सहकारी धम्मदीप तिथलाच. दोन जड पेट्या घेऊन तो घरी येऊन थांबला होता, त्याला भाड्याच्या गाडीतून आणायचं होतं. दगड ठिसूळ, रस्त्यावर गतिरोधक फार, म्हणून तो घरीच ठेवायचं ठरलं. म्हाळसाचे आई-वडील उसाच्या लागणीला शेतावर गेलेले. रश्मीनं पेटीच्या आत निळ्या पेननं एक रेघ मारली आणि म्हाळसाला सांगितलं, की बर्फ या रेघेखाली गेला की नवा घालायचा. आत्या परत येईपर्यंत दगड तिच्या भरवशावर.

म्हाळसा पेटीशेजारी पाट टाकून बसली. दर दहा मिनिटांनी झाकण बोटभर उचलून बघायची. अकराच्या सुमारास बर्फ रेघेखाली आला. फ्रिज होता, पण सकाळपासून लाईट नव्हती. एस.टी. स्टँडजवळच्या रसवंतीवर बर्फाची लादी मिळायची. आबा अंगणात शेळीजवळ होते. पेटीवर लक्ष ठेवा, मी येतेच, असं त्यांना सांगून ती पळाली. रसवंतीवर गर्दी होती. लादी फोडून, गोणपाटात बांधून परत यायला तिला अर्धा तास लागला.

आणि बघते तर पेटीचं झाकण भिंतीला टेकवलेलं. पाचही पिशव्या घडी घालून शेजारी ठेवलेल्या. पेटीत नुसतं पाणी.

ती आतल्या खोलीत धावली. तो रविवार होता हे ती विसरली होती. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. दर रविवारी आबा देवाचे टाक ताम्हनात घेऊन धूत, पुसून पुन्हा देव्हाऱ्यात मांडत आणि भंडारा लावत. भंडारा म्हणजे हळद. आजही टाक चकचकीत बसले होते. त्यांच्या मधोमध, ताम्हनात, समुद्राचा दगड. शेळीच्या दुधानं अंघोळ झालेला. तेलात कालवलेली हळद वरपासून खालपर्यंत माखलेली. डोक्यावर मूठभर कोरडा भंडारा आणि एक झेंडूचं फूल.

आबा समोर बसून हात जोडून हसत होते.

"पेटीतनं पाणी गळत होतं, म्हनून उघडली," ते म्हणाले. "लेकीनं येवढ्या लांबनं देव आणला आन् तोंडानं बोलली न्हाई. शिकल्याली मानसं लाजत्यात."

आबांची चूक म्हणावी तर तीही धड म्हणता येईना. मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा जिथं तळ पडेल तिथं ते चांगलासा दगड निवडत, त्याला भंडारा लावत, आणि तितके दिवस तोच त्या तळाचा देव. तळ हलला की त्याला नमस्कार करून पुढे जात. मुलगी समुद्रावर तळ टाकून आली, येताना पाच पिशव्यांत गुंडाळून दगड आणला, त्याला गार वाटावं म्हणून बर्फात ठेवला. देवाशिवाय दुसऱ्या कुणासाठी कोण एवढं करतं?

आबा समाधानानं उठून शेळीला पाला घालायला गेले. खोलीत म्हाळसा आणि दगड राहिले.

आत्या यायला अजून तासभर होता. म्हाळसाला काय सुचलं असेल, ते तुम्हाला कळलंच असेल. तिनं ताम्हन उचललं, मोरीत नेलं, नळ सोडला, भांड्याचा साबण घेतला आणि घासणी दगडावर फिरवली. एका बाजूची तळहाताएवढी हळद निघाली. फेस पिवळा झाला. पाणी दगडाच्या बारीक भोकांतून आत मुरताना तिला दिसलं, कोरड्या मातीत मुरतं तसं. तेव्हा तिचा हात थांबला. हळद वर होती ती जात होती खरी, पण साबणाचं पाणी आत चाललं होतं. तिनं नळ बंद केला. दगड कापडानं टिपला, पिशव्यांत घातला आणि पेटीत नव्या बर्फावर ठेवला. ताम्हन देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवलं. मग पाटावर बसून राहिली. आत्याची दोन वर्षं तिच्या गुडघ्याजवळच्या पेटीत होती, आणि ती आता कशी आहेत हे तिला सांगता येत नव्हतं.

गाडी आली. भंडारा लावल्याचं सांगायची वेळ म्हाळसावर आलीच नाही. आबांनी ते दारातच सांगून टाकलं. अंघोळ झाली, भंडारा लागला, आता नारळ तेवढा रश्मीनं फोडावा, असं ते म्हणाले.

रश्मी उंबऱ्यावरच उभी राहिली. धम्मदीपच्या हातातली पेटी तशीच राहिली. मग रश्मीनं आत येऊन, आबांजवळ बसून, हा देव नाही, आपल्या कामाचा दगड आहे, आत कोण राहतं ते बघायचं होतं, असं हळू आवाजात सांगितलं. रागावली नाही. तेच म्हाळसाला जास्त लागलं. आबांचा चेहरा उतरला.

"म्हंजी म्या लेकीच्या कामावर दूध वतलं," ते म्हणाले, आणि डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"दगड घरी आणला ती चूक माझी, आबा," रश्मी म्हणाली. "तुमचा रविवार मला ठाऊक होता."

धम्मदीप पेट्या खाली ठेवून भिंतीला टेकला होता. एकाएकी तो सरळ झाला आणि त्यानं विचारलं, की आबा, तेलात हळद किती घातली होती? चांगली मूठभर, असं आबा म्हणाले. देवाच्या कामात हात आखडता कशाला घ्यायचा?

धम्मदीप हसायलाच लागला. रश्मीनं त्याच्याकडे रागानं पाहिलं, तेव्हा त्यानं आपली पेटी उघडून एक इवलीशी डबी काढली. सोमवारी कापण्याआधी दगडाला या डबीतलं लावायचं होतं. तिच्यात धुळीपेक्षा बारीक मणी होते. एका खास दिव्याखाली ते चमकतात. दगडाला बाहेरून हे मणी लावायचे, मग दगड कापायचा आणि दिवा धरायचा. चमक जिथवर पोचली तिथवर बाहेरची घाणही पोचली असणार, तो भाग टाकायचा. आत चमक नाही तो भाग घ्यायचा. ही डबी मागवून हातात पडायला दोन महिने लागले होते.

"आणि त्याच दिव्याखाली हळद चमकते, ताई," तो म्हणाला. "आबांनी आपलं काम एक दिवस आधी करून ठेवलंय."

खोलीचं दार लावलं, खिडकीवर गोधडी टांगली. भर दुपारी अंधार झाला. रश्मीनं हातमोजे घालून दगड पांढऱ्या कागदावर ठेवला. धम्मदीपनं आपली बॅटरी लावली. नोटा खऱ्या की खोट्या बघायला दुकानदार वापरतात तसला जांभळट दिवा.

दगड पेटला. अगदी पेटल्यासारखाच दिसला तो. पिवळा-हिरवा, लखलखीत, भोकाभोकातून उजेड फुटलेला. ताम्हनही चमकत होतं, आबांची बोटं चमकत होती, पटक्यावर पडलेले दोन डागसुद्धा.

आबा पुढे सरकले. "काजव्यावानी दिसतंय की," ते पुटपुटले. मग धम्मदीपकडे वळून त्यांनी विचारलं, की थोडा भंडारा कपाळाला लावू का तुझ्या? धम्मदीपनं हात जोडले. मी देव मानत नाही आबा, पण तुमची हळद मानतो, असं तो म्हणाला. आबांनी ते लगेच मान्य केलं. हळदीला राग येत नाही, असं म्हणून त्यांनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळायला घेतला.

रश्मी दगड फिरवून बघत होती. एका बाजूला तिचा हात थांबला. तिथं तळहाताएवढी जागा काळी होती. चमक नाही. तिनं धम्मदीपला दाखवलं. दोघांनी दिवा जवळ नेला, लांब नेला. इथं हळद पोचलेलीच दिसत नाही, ही बाजू बहुतेक ताम्हनाला टेकलेली असणार, असं धम्मदीपचं म्हणणं पडलं. म्हणजे हीच सगळ्यांत स्वच्छ बाजू. उद्या करवत इथूनच लावायची आणि इथूनच तुकडे घ्यायचे. रश्मी मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जरा हसू आलं होतं. धम्मदीपनं खिशातून खूण करायचं पेन काढलं.

म्हाळसानं ते पेन बघितलं. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. आबांवर काही येणार नव्हतं, तिच्यावर तर नव्हतंच. सगळे खूष होते. पण त्या काळ्या जागेतून साबणाचं पाणी आत जाताना तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि आत्या नेमकी तीच जागा निवडत होती.

"आत्या, तिथनं कापू नको." म्हाळसा म्हणाली. "तिथं बी हळद होती. मी साबणानं घासली."

पेन हवेतच राहिलं. अंधारात कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता, ते एक बरं झालं.

रश्मीनं ओरडायच्या ऐवजी विचारायला सुरुवात केली, डॉक्टर विचारतात तसं. साबण कोणता? किती वेळ घासलं? नळाची धार मोठी होती की बारीक? दगड कुठल्या बाजूवर ठेवला होता, पाणी आत जाताना दिसलं का? म्हाळसा सगळं सांगत गेली. सांगताना एकदा रडू आलं, तेही तिनं सांगता सांगताच पुसलं. भांड्याचा हिरवा साबण, शंभर मोजता येतील इतका वेळ, धार बारीक. पाणी मुरताना दिसलं म्हणूनच थांबले.

धम्मदीपनं सुस्कारा टाकला आणि काळ्या जागेवर मोठी फुली मारली. इथून करवत लावली असती तर काय झालं असतं, हे तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. नळाच्या पाण्यात काय काय असतं, त्याची त्यानं यादीच म्हटली. जे वाढलं असतं त्याला आपण समुद्रातले जीव समजून नाचलो असतो. रश्मीनं म्हाळसाच्या पाठीवर हात ठेवला. हातमोजे तिनं आधी काढले होते.

"घासलंस ते चुकलं," ती म्हणाली. "पण सांगितलंस, म्हणून आता हा दगड मला पुरता माहीत झाला."

आबा इतका वेळ ऐकत होते. नात रडतेय हे त्यांना तेवढं कळलं. घासायला कुणी शिकवलं तिला, तिच्या आजीनं, तिचा हात असाच जड होता, असं काहीतरी बोलून त्यांनी सगळ्यांना हसवलं आणि चहा टाकायला उठले.

सोमवारी शाळेत चिठ्ठी पाठवून म्हाळसाला पुण्याला नेलं. प्रयोगशाळेत तिला पांढरा कोट दिला, तो तिच्या घोट्यापर्यंत आला. दगड काचेच्या बंद कपाटात ठेवला होता. कपाटाच्या भिंतीतून आत गेलेल्या लांब रबरी हातमोज्यांत हात घालून रश्मी काम करत होती. करवतीचं पातं निर्जंतुक करून ठेवलेलं. फुलीच्या विरुद्ध बाजूनं तिनं दगड कापला. दोन फाका झाल्या. दिवे मालवले आणि धम्मदीपनं जांभळा दिवा लावला.

कापलेल्या तोंडावर कडेनं एक पिवळी किनार दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी जाड. लुगड्याच्या काठासारखी गोल फिरत गेलेली. फक्त फुलीच्या बाजूला ती किनार फाटली होती. तिथून झाडाच्या मुळासारखी एक पिवळी रेघ आत शिरली होती, चांगली दोन बोटं. साबणाच्या पाण्यानं हळद जिथवर ओढून नेली तिथवर. धम्मदीपनं ती रेघ म्हाळसाला दाखवली. त्या मुळाच्या पलीकडे मात्र दगडाचा गाभा काळाभोर होता. मोसंबीएवढा. एकही पिवळा ठिपका नाही.

रश्मीनं गाभ्याचे तुकडे काढले आणि काचेच्या नळ्यांत घातले. नळ्यांत हवा नव्हती. खाऊ म्हणून लोखंडाचं आणि गंधकाचं खारट पाणी होतं. मग त्या गार कपाटात गेल्या. आता काही महिने वाट बघायची. समुद्रतळाच्या जिवांना कसलीही घाई नसते, एकाचे दोन व्हायला कधी कधी महिनाही लावतात, असं रश्मी म्हणाली. म्हाळसानं गार कपाटाच्या काचेला नाक लावून बघितलं. नळ्यांत काहीच हलत नव्हतं. तरी ती बराच वेळ बघत राहिली.

येताना यवतला एका ढाब्यावर तिघं जेवायला थांबली. धम्मदीपची स्वारी खुशीत होती. त्यानं दोन वेळा शेव मागवली. म्हाळसा मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून विचारात पडली होती. शेवटी तिनं विचारलं, की समजा नळीत काहीतरी वाढलं. दिव्याला हळद दिसली नाही हे खरं. पण हळदीपेक्षा बारीक असं काही, दुधातलं, आत गेलंच नसेल कशावरून? ते समुद्राचंच आहे आणि आपल्या शेळीचं नाही, हे आत्याला कसं कळणार?

धम्मदीपचा घास तोंडाशी थांबला. हाच प्रश्न मोठे साहेब विचारणार आहेत, असं तो रश्मीला म्हणाला. रश्मीनं म्हाळसालाच उलट विचारलं, की तू काय करशील? पाटसपर्यंत विचार कर, तिथं धम्मदीप उतरेल.

चौफुला गेलं, वरवंड गेलं. म्हाळसा खिडकीबाहेर बघत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. पाटसला धम्मदीप दौंडच्या गाडीसाठी उतरला, तेव्हा तीही त्याच्यामागे उतरली. प्रयोगशाळेत बघितलेल्या त्या लांब काड्या, टोकाला कापूस असलेल्या, एकेक बंद नळीत घातलेल्या, त्या तुमच्याकडे आहेत का, असं तिनं विचारलं. दगडाला जे जे लागलं त्यातले जीव नळीतल्या जिवांशी ताडून बघायचे होते. होत्या. त्यानं पेटीतून मूठभर काढून दिल्या. किती, ते म्हाळसानं तिथंच मोजलं. आठ.

घरी पोचल्यावर तिनं पिशवी उतरवून ठेवली. हात धुतले नाहीत. एक नळी उघडून कापूस देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याच्या पिशवीत टेकवला, नळी बंद केली आणि चिठ्ठी चिकटवून वर लिहिलं, भंडारा. मग तेलाची बाटली. मग मोरीतला हिरवा साबण. मग नळ. मग ताम्हन. शेळीचं दूध आबांनी तिच्यासमोर थेट वाटीत काढून दिलं. शेळीला हा प्रकार आवडला नाही, तिनं म्हाळसाच्या चिठ्ठ्यांतली एक खाल्ली. रश्मी दारात बसून बघत होती. मदत करायला ती उठली नाही. एकदाच तिनं ओठांवर हात ठेवून हसू दाबलं.

सातवी काडी घेऊन म्हाळसा आबांसमोर बसली आणि त्यांना हात पुढे करायला सांगितलं. आबा आधी लगबगीनं नळाकडे निघाले होते, तपासणी म्हणजे हात धुतलेले बरे म्हणून. तिनं त्यांना धोतराला धरून परत बसवलं.

"आबा, धुवायचं न्हाई. हाय तसाच पायजे."

आबांनी दोन्ही तळवे पसरले. तिनं कापूस त्यांच्या बोटांवरून, नखांच्या कडांतून, तळव्यावरच्या जुन्या घट्ट्यांवरून सावकाश फिरवला. नळी बंद करून लिहिलं, आबा. मग आठवी नळी उघडली आणि थोडा वेळ ती तशीच हातात धरली. काल घासणी ह्याच हातात होती. तिनं कापूस आपल्या उजव्या तळव्यावर टेकवला, बोटांच्या मधून नीट फिरवला, झाकण घट्ट लावलं आणि शेवटच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.